सोमवारी भरती होणारे रविवारचे पेशंट

पत्र :
डॉक्टर, आम्ही विट्याजवळच्या एका गावात राहतो. बाबा ६७ वर्षांचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. बीपीची गोळी चालू आहे. दोन महिन्यांपूर्वी एका शनिवारी संध्याकाळी चहा पिताना त्यांच्या उजव्या हातातून कप पडला. हात बधिर झाला म्हणाले, पण दहा मिनिटांत सगळं ठीक झालं. रविवारी सकाळी आंघोळ, पूजा नेहमीसारखी केली आणि आठच्या सुमारास तोंड वाकडं झालं, शब्द फुटेनासे झाले. भाऊ म्हणाला, रविवारी मोठे डॉक्टर नसतात, शिकाऊ पोरांच्या हाती कशाला द्यायचं, उद्या पहिला नंबर लावू. सोमवारी साडेदहाला आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचलो. उशीर झाला, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "सोमवारी असंच असतं, लकव्याचे पेशंट सोमवारीच जास्त येतात." बाबा आता काठी घेऊन चालतात, पण बोलणं जुळत नाही. घरात भावाशी कुणी धड बोलत नाही. मला विचारायचंय, लकवा खरंच सोमवारी जास्त येतो का? रविवारी नेलं असतं तर फरक पडला असता का, की रविवारी दवाखान्यात नेणं खरंच धोक्याचं असतं?
– एक मुलगी

उत्तर :

ताई,

सिस्टर बोलल्या ते खरं आहे. सोमवारी लकव्याचे पेशंट जास्त *येतात*. पण तुम्ही मला विचारताय की लकवा सोमवारी जास्त *होतो* का. या दोन क्रियापदांमध्ये जे अंतर आहे, त्यातच तुमच्या बाबांचे सव्वीस तास गेले. म्हणून आधी तेवढंच नीट उलगडतो.

सोमवारी सकाळी राउंडला गेलं की नव्या केसपेपरवर भरतीची तारीख त्याच दिवसाची असते. मी नातेवाइकांना एकच प्रश्न विचारतो, "हे शेवटचे अगदी ठीक कधी दिसले होते?" उत्तर येतं, "काल सकाळी दूध आणायला गेले तेव्हा", "परवा रात्री जेवले तेव्हा". भरतीच्या रजिस्टरात माणूस दवाखान्याच्या दारात आला तो वार लिहिला जातो. मेंदूची रक्तवाहिनी बंद पडली तो वार त्यात नसतो. तुमचे बाबाही त्या रजिस्टरात सोमवारचे पेशंट म्हणूनच नोंदले गेले असतील. खरं तर ते रविवारचे, आणि कपाची गोष्ट धरली तर शनिवारचे.

कॅनडात २००३-०४ या वर्षातल्या ६०६ रुग्णालयांमधल्या २६ हजारांहून अधिक स्ट्रोकच्या, म्हणजे लकव्याच्या, रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. सातही वार सारखे असते तर शनिवार-रविवार मिळून शंभरातले २८-२९ रुग्ण यायला हवे होते. आले पंचविसाच्या आत. शनिवार-रविवारी माणसांच्या रक्तवाहिन्या एवढ्या शहाण्या होतात, यावर माझा विश्वास बसत नाही. त्या दोन दिवसांत बरेच जण घरी थांबतात. त्यातही ज्याचा हात जड झालाय, तोंड थोडं ओढलंय, तो थांबतो. बेशुद्ध पडलेल्याला वार बघून कुणी घरी ठेवत नाही.

आपल्याकडे तर वारांचा हिशोब आणखी वेगळा असतो. मी तालुक्याच्या गावी काम करत होतो तेव्हा आठवडी बाजाराच्या दिवशी ओपीडी दुप्पट भरायची, आणि त्या गर्दीत तीन-चार दिवसांपूर्वी अंगावरून वारं गेलेला एखादा म्हातारा हमखास असायचा. जीप बाजाराला निघालीच आहे, त्यातच आज्यालाही बसवू, असा विचार. कुणी अमावास्या टळायची वाट बघायचं. कुणाच्या घरी लग्न असायचं, पाहुणे गेले की नेऊ म्हणायचे. माझ्या रजिस्टरवरून कुणी अभ्यास केला असता तर आमच्या तालुक्यात लकवा बाजाराच्या वारी होतो, असाच निष्कर्ष निघाला असता.

मग सोमवारच्या बोलण्यात काहीच तथ्य नाही का? थोडं आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात हजारो रहिवाशांच्या प्रकृतीवर अनेक दशकं लक्ष ठेवलं गेलं. तिथे स्ट्रोक सुरू कधी झाला हेच नोंदलेलं होतं, माणूस दारात कधी आला हे नव्हे. १९९५ साली त्या नोंदी मांडल्या तेव्हा सोमवारचं पारडं खरंच जड निघालं, विशेषतः नोकरी करणाऱ्या पुरुषांमध्ये. जपानमधल्या एका गावात लोकांना आठवडाभर चोवीस तास बीपी मोजणारं यंत्र लावलं, तर सोमवारी सकाळी बीपीची उसळी बाकीच्या सकाळींपेक्षा मोठी दिसली. फिनलंडमध्ये मात्र तरुण स्त्रियांत स्ट्रोकचं प्रमाण सुट्ट्यांच्या दिवशी वाढलेलं आढळलं. म्हणजे कोणता वार वाईट, हे माणसाच्या वयावर, कामावर आणि सुट्टीत तो काय करतो यावर बदलतं. निवृत्त होऊन घरी असलेल्या तुमच्या बाबांना सोमवारची धास्ती बाळगायचं कारण नाही.

वारापेक्षा प्रहराचा प्रभाव कितीतरी ठळक आहे. वेगवेगळ्या देशांतले जवळजवळ १२ हजार स्ट्रोक एकत्र करून पाहिले, तेव्हा सकाळी ६ ते दुपारी १२ या सहा तासांत अपेक्षेच्या जवळपास दीडपट स्ट्रोक झालेले दिसले. झोपेतून उठताना बीपी वर जातं, रक्त गोठण्याची प्रवृत्ती त्या वेळी वाढलेली असते, आणि रात्रीच्या गोळीचा असर उतरत आलेला असतो. तुमच्या बाबांचे सकाळचे आठ त्यातच बसतात.

आता तुमच्या भावाच्या मनातली भीती. रविवारी नेणं धोक्याचं असतं का?

त्याला ही भीती कुठून आली ते मला माहीत आहे, कारण ती अगदी निराधार नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका छोट्या रुग्णालयात होतो. एका रविवारी दुपारी एका बाईंना त्यांच्या मुलांनी तासाभरात आमच्याकडे पोहोचवलं होतं. त्यांनी सगळं बरोबर केलं होतं. सिटी स्कॅनचं यंत्र होतं, पण ते चालवणारा तंत्रज्ञ सुट्टीवर होता. त्याला गाठून बोलवेपर्यंत अडीच तास गेले. त्या बाईंच्या थोरल्या मुलाचा चेहरा मी विसरलेलो नाही. असा अनुभव एका घराला आला की तो भावकीत, शेजारी, गावभर जातो आणि पुढच्या वेळी कुणीतरी म्हणतं, "रविवारी जाऊन उपयोग नाही."

आकडेही काही प्रमाणात त्याची बाजू घेतात. मघाशी सांगितलेल्या कॅनडाच्या अभ्यासात शनिवार-रविवारी भरती झालेल्यांपैकी ८.५ टक्के पहिल्या सात दिवसांत दगावले, इतर दिवशी भरती झालेल्यांपैकी ७.४ टक्के. ग्रामीण रुग्णालयांत हा फरक जास्त होता. इंग्लंडमध्ये २००९-१० साली रविवारी भरती झालेल्यांत हेच प्रमाण ११ टक्के आणि कामाच्या दिवसांत सरासरी ८.९ टक्के होतं. या बातम्या तिकडे खूप गाजल्या.

पण ही तुलना कुणाची कुणाशी आहे, ते बघा. रविवारी *पोहोचलेल्यांची* तुलना मंगळवारी-बुधवारी पोहोचलेल्यांशी केली आहे. रविवारी आजारी पडून घरी बसलेल्यांशी नाही. तुमच्या भावापुढे त्या सकाळी रविवार की बुधवार अशी निवड नव्हतीच. निवड होती रविवारी आत्ता की सोमवारी उद्या, आणि त्या प्रश्नाचं उत्तर या आकड्यांत कुठेही "उद्या" असं नाही. ही गल्लत शिकलेली माणसंसुद्धा करतात, म्हणून इतकं ठासून लिहितोय.

शिवाय त्या आकड्यांतलीही बरीच हवा पुढे निघून गेली. सौम्य त्रास असलेले सुट्टीत घरी थांबतात, म्हणजे रविवारी येणाऱ्यांत गंभीर रुग्णांचं प्रमाण आपोआपच वाढतं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१६ साली आणखी एक गोष्ट दाखवून दिली. कामाच्या दिवसांत "स्ट्रोक" म्हणून नोंदलेल्यांपैकी काही जण जुन्या स्ट्रोकचे होते आणि दुसऱ्याच ठरलेल्या तपासणीसाठी आले होते. त्यांना तातडीचा धोका नव्हताच, त्यामुळे कामाचे दिवस कागदावर जास्त सुरक्षित दिसत होते. त्याच वर्षी इंग्लंड आणि वेल्समधल्या १९९ रुग्णालयांतल्या ७४ हजारांहून अधिक रुग्णांचा मोठा अभ्यास आला. सुट्टीच्या दिवशी आणि कामाच्या दिवशी आलेल्यांच्या तीस दिवसांनंतरच्या जगण्यात त्यांना फरक आढळला नाही. उपचारांचा वेग आणि दर्जा मात्र आठवडाभर, दिवसा-रात्री वरखाली होत होता. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात तर शनिवार-रविवारी आलेल्यांना रक्ताची गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन मिळण्याची शक्यता *जास्त* निघाली.

"मोठे डॉक्टर नसतात" हेही जरा तपासू. लकवा म्हणजे बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तवाहिनीत गाठ अडकलेली असते, आणि काही वेळा रक्तवाहिनी फुटलेली असते. दोन्हींत बाहेरून दिसणारं चित्र एकसारखंच, उपचार मात्र उलटे. म्हणून पहिल्या तासात ज्या गोष्टी लागतात त्या ठरलेल्या आहेत : साखर तपासायची (साखर एकदम उतरली तरी लकव्यासारखंच दिसतं), बीपी बघायचं, सिटी स्कॅन काढायचा, रक्तस्राव नाही याची खात्री करायची आणि वेळेत असेल तर इंजेक्शन द्यायचं. कॅज्युअल्टीतला तरुण डॉक्टर हे सगळं सुरू करू शकतो, आणि आज त्याच्या हातातल्या फोनवर मोठ्या डॉक्टरांना स्कॅनची चित्रं दोन मिनिटांत दिसतात. हिमाचल प्रदेशात न्यूरॉलॉजिस्ट मोजक्याच ठिकाणी आहेत. तिथे जिल्हा रुग्णालयातल्या फिजिशियननी मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञांना फोनवर चित्रं दाखवून हे इंजेक्शन दिलं आहे, डोंगरातल्या गावांतल्या माणसांना.

इंजेक्शनची मुदत लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तास. पहिल्यांदा १९९५ मध्ये तीन तासांपर्यंतचा उपयोग सिद्ध झाला, २००८ मध्ये साडेचारपर्यंतचा. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर मांडीतून नळी घालून गाठ ओढून काढता येते. निवडक रुग्णांत ते चोवीस तासांपर्यंत शक्य आहे, पण ती सोय मोठ्या शहरांतच असते. वाट बघण्याची किंमत काय, याचा हिशोब एका अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टने २००६ मध्ये मांडला : मोठी रक्तवाहिनी बंद पडली तर सरासरी दर मिनिटाला १९ लाख मेंदूपेशी मरतात. म्हणून पहिला नंबर लावायला पहाटे उठणं आणि कॅज्युअल्टीत आत्ता घुसणं यांत इतका फरक आहे. लकव्याला नंबर लावायचा नसतो.

ताई, आता तुमचा सगळ्यात अवघड प्रश्न. रविवारी नेलं असतं तर?

मी गोड बोलून तुम्हाला फसवणार नाही. आठ वाजता लक्षणं दिसली. गाडी मिळून जिल्ह्याला पोहोचायला दोन तास लागले असते असं धरलं, तरी इंजेक्शनची मुदत हातात होती. संधी होती, आणि ती गेली. पण त्या संधीचा आकारही तुम्हाला कळायला हवा, कारण घरात सगळे असं धरून चाललेत की रविवारी नेलं असतं तर बाबा आज पहिल्यासारखे असते. तसं नसतं. पहिल्या तीन तासांत ज्यांना हे इंजेक्शन मिळालं, त्यांच्यात दर आठेक रुग्णांमागे एक जण जास्तीचा जवळजवळ पूर्ण बरा झाला. बाकीच्यांपैकी काही इंजेक्शनाशिवायही सुधारले असते, आणि काहींना ते देऊनही अपंगत्व राहिलं. शंभरातल्या सहांना त्या औषधाने मेंदूत रक्तस्रावही झाला. सगळं जमेस धरून मी माझ्या वडिलांना ते दिलंच असतं. पण तुमच्या भावाने बाबांचं बोलणं हिरावून घेतलं, असं कुणालाही म्हणता येणार नाही. ते कुणाला माहीतच नाही.

आणि खरं सांगायचं तर माझ्या मते चुकलेला वार शनिवार आहे. कप पडला, हात बधिर झाला, दहा मिनिटांत बरं वाटलं. याला आम्ही मिनी-स्ट्रोक म्हणतो. गाठ अडकते आणि आपोआप सुटते. बरं वाटलं म्हणून सगळं घर सुटकेचा श्वास सोडतं, आणि नेमका तोच काळ सगळ्यात धोक्याचा असतो. उपचार झाले नाहीत तर अशांपैकी सुमारे दहा टक्क्यांना पुढच्या तीन महिन्यांत मोठा झटका येतो, आणि त्यातले जवळपास निम्मे पहिल्या दोनच दिवसांत. शनिवारच्या संध्याकाळपासून दोन दिवस म्हणजे सोमवारची संध्याकाळ. त्या शनिवारी घरात तुम्ही सगळे होतात. बाबाही होते. तेही "काही नाही, झोप नीट झाली नाही" असंच म्हणाले असतील. हे मी दोष वाटून देण्यासाठी लिहीत नाही. कपाचा अर्थ तुमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हता, कारण तो तुम्हाला कुणी सांगितलाच नव्हता. बीपीची गोळी लिहून देताना आम्ही डॉक्टरांनी तो सांगायला हवा. ही चूक आमच्या बाजूची आहे.

भावाला हे उत्तर वाचायला द्या. त्याने आळस म्हणून सोमवार निवडला नाही, बाबांना चांगला डॉक्टर मिळावा म्हणून निवडला. ती काळजी खरी होती, तिला माहिती चुकीची मिळाली होती.

पुढचं बघू, कारण एकदा स्ट्रोक झालेल्याला पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. या आठवड्यात कामाच्या दिवशी, दुपारी, भावालाच फोन करायला सांगा. तुमच्यापासून दोन तासांच्या आत जी रुग्णालयं आहेत त्यांना एकेक करून विचारायचं : सिटी स्कॅन रविवारी आणि रात्री चालू असतो का, की तंत्रज्ञाला बोलवावं लागतं? गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन तुमच्याकडे ठेवलेलं असतं का? ते देतं कोण? जिथे तिन्ही उत्तरं सरळ मिळतील त्या रुग्णालयाचं नाव आणि कॅज्युअल्टीचा नंबर फ्रिजवर चिकटवा. जवळचं पण स्कॅन नसलेलं रुग्णालय गाठून तिथून पुढे जाण्यात सगळ्यात जास्त वेळ जातो. १०८ ची रुग्णवाहिका रविवारीही येते आणि पैसे घेत नाही. तिला यायला उशीर होणार असेल तर शेजाऱ्याची गाडी काढा. निघतानाच कॅज्युअल्टीला फोन करून "लकव्याचा पेशंट आणतोय, आठ वाजता ठीक होते" एवढं सांगा. ती वेळ फार महत्त्वाची. तोंड वाकडं, हात उचलता न येणं, बोलणं अडखळणं, यातलं एकही अचानक दिसलं की निघायचं, मग ते दहा मिनिटांत बरं झालं तरी.

वाटेत काही देऊ नका. पाणीसुद्धा नाही, कारण गिळणं बिघडलेलं असू शकतं आणि ते फुफ्फुसात जाऊ शकतं. बीपी वाढलेलं दिसलं म्हणून जिभेखाली गोळी ठेवू नका. बीपी एकदम पाडलं तर मेंदूचा वाचलेला भागही उपाशी राहतो. स्कॅनआधी ॲस्पिरिन नको, रक्तस्राव असला तर ते घात करेल. आणि कबुतराचं रक्त चोळायला कुणी सुचवलं तर त्या माणसाशी वाद घालत बसू नका, गाडीत बसा.

बाबांच्या गोळ्यांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण मी विचारतो. एकादशीला, श्रावणी सोमवारी, गावाला गेल्यावर त्या चुकतात का? उपाशीपोटी नको म्हणून उपासाच्या दिवशी बीपीची गोळी टाळणारे मला दर महिन्याला भेटतात. बीपीच्या बहुतेक गोळ्या रिकाम्या पोटी चालतात. साखरेच्या गोळ्यांचं तसं नाही, त्यांचं तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या. स्ट्रोकनंतर रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू केली असेल, ती तर एक दिवसही मनाने बंद करायची नाही.

बोलण्याबद्दल. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात भराभर होते, आणि तुमचे दोनच झालेत. नंतरही ती थांबत नाही, फक्त हळू होते. स्पीच थेरपिस्ट जिल्ह्याला मिळाला तर आठवड्यातून एकदा तरी जा. घरी बाबांचं वाक्य कुणी पुरं करू नका, ही सवय मायेपोटी लागते आणि नुकसान करते. अशा माणसाला बऱ्याचदा कळत असतं, शब्द सापडत नसतात. एका वेळी एकानेच बोला, टीव्ही बंद ठेवा, हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा. पाठ असलेल्या गोष्टी बऱ्याचदा आधी परत येतात : आकडे, वारांची नावं, हरिपाठ. आयुष्यभर एसटीत फिरलेल्या माणसाला थांब्यांची नावं ओळीने पाठ असतात. विट्यापासून त्यांच्या जुन्या मार्गावरचा पहिला थांबा भावाने म्हणावा, दुसऱ्यासाठी बाबांची वाट बघावी. अर्धा मिनिट लागला तरी लागू दे.